जिन्यातल्या तीन खुर्च्या: बाळ-बाळंतीण घरी आणणाऱ्या बापाची तयारी

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पहिल्या मुलीच्या वेळी बायकोचं सिझेरियन झालं, चौथ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला, गाडी गेटपाशी थांबली, आणि तेव्हा कुठे माझं लक्ष जिन्याकडे गेलं. सहा वर्षं रोज दोनदा चढत होतो तोच जिना. पण पोटाला टाके असलेल्या बाईने तो कसा चढायचा, हा विचार नऊ महिन्यांत एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता. पाळणा आणला होता, भिंतीवर चांदोबा चिकटवला होता, फोनवर पाचशे फोटोंची जागा रिकामी केली होती. शेवटी तळमजल्यावरच्या काकांनी प्रत्येक मजल्यावर एकेक प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली. चार पायऱ्या, थांबा, चार पायऱ्या, थांबा. वर पोचायला पंचवीस मिनिटं लागली आणि तेवढ्यात पोर दोनदा रडून झोपलं.

दुसऱ्या खेपेला खुर्च्या आदल्या रात्रीच लावून ठेवल्या होत्या.

बाळासाठी खरेदी सगळेच करतात. खरी तयारी लागते ती बाळंतिणीसाठी आणि रात्रीसाठी, आणि ती बापाने करायची असते, कारण त्या घरात नीट झोप झालेला माणूस त्या दिवसांत तोच काय तो एक असतो. आमचं घर डोंबिवलीत, दोन्ही बाळंतपणं भर पावसाळ्यात झाली. त्यामुळे इथल्या काही गोष्टींना पावसाचा वास येईल.

सातव्या-आठव्या महिन्यात विचारून घ्यायचं ते

दवाखान्यात सोनोग्राफीच्या रांगेत बसलेला असताना बाप बहुधा फोन बघत असतो. त्या वेळेत काही प्रश्न विचारून घ्या. बाळ जन्मताना बालरोगतज्ज्ञ हजर असतात का? नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग इथेच आहे, की गरज पडली तर बाळ दुसरीकडे हलवतात? कुठे? ते ठिकाण एकदा स्वतः जाऊन बघून या. पहाटे चार वाजता घाबऱ्या जिवाने पत्ता शोधण्यापेक्षा रविवारी दुपारी सायकलवरून गेलेलं बरं. १०८ ही रुग्णवाहिका तातडीसाठी आहे, तो नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

बायकोचा रक्तगट पाठ करा. तो आरएच निगेटिव्ह असेल आणि तुमचा पॉझिटिव्ह, तर ही माहिती फाईलमध्ये राहून चालत नाही, तुमच्या तोंडात हवी. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर आईला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं; पुढच्या गरोदरपणासाठी ते फार महत्त्वाचं. डॉक्टर ते विसरत नाहीत, पण ड्युटी बदलताना, नर्स बदलताना, एकदा विचारणारा माणूस असलेला चांगला.

विम्याची पॉलिसी उघडून वाचा. प्रसूतीसाठी बहुतेक पॉलिसींना प्रतीक्षा काळ असतो, आणि नवजात बाळाला काहींत पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं, तर काहींत ९० दिवसांनंतर. कंपनीतर्फे विमा असेल तर बाळाचं नाव किती दिवसांत जोडायचं हे एचआरला मेल करून लेखी घ्या. सरकारी रुग्णालयात बाळंतपण असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११ पासून) प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण आणि घरी सोडायची गाडी मोफत आहे, आणि आजारी नवजात बाळाचे उपचारही. नंतर गाडीसाठी खिशातले पैसे घालणारे बाप मी पाहिलेत, म्हणून सांगतो. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचंही विचारा. निकषांत बसत असाल तर पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००.

आता रजेचं. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. खाजगी नोकरीत जे काही असेल ते कंपनीच्या मर्जीवर. मी पहिल्या वेळी चूक केली ती अशी, की वेदना सुरू झाल्या त्या दिवसापासून रजा टाकली. दवाखान्यात नर्स आहेत, मावश्या आहेत, डॉक्टर फेरी मारतात, माहेरची माणसं डबे आणतात. बापाला तिथे चहा आणण्यापलीकडे काम नसतं. घरी आल्यावर खरी गरज लागली, तेव्हा माझे चारच दिवस उरले होते. रजा बाळ घरी येईल त्या दिवसापासून मोजा. दवाखान्यातले दिवस अर्धी रजा, उशिरा जाणं, असं काहीतरी करून निभवा.

पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर काय? तर हे सगळं तिथेही लागू आहे. फक्त जावयाला कोणी काम सांगत नाही, सांगायला संकोचतात. "बसा हो, तुम्ही कशाला?" हे ऐकून बसून राहिलात तर सव्वा महिना पाहुणेच राहाल. आठव्या महिन्यातच सासऱ्यांना सांगून टाका: रात्रीची दुपटी मी बदलणार. हसतील. हसू द्या.

घर बाळंतिणीच्या नजरेने बघणं

एक दिवस असं समजा की तुमच्या पोटाला टाके आहेत, आणि घरभर फिरून या. पहिली गोष्ट कळेल ती म्हणजे जमिनीवरच्या गादीवरून उठता येत नाही. आमच्याकडे बायको माहेरच्या सवयीने खाली झोपायची. दुसऱ्या रात्री तिला उठवायला दोन माणसं लागली. पलंग हवा, आणि तोही उंच. शौचालय भारतीय पद्धतीचं असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, वैद्यकीय साहित्याच्या दुकानात चौकशी करा. हजार-दोन हजारांचा पाळणा एक आठवडा उशिरा आला तरी बिघडत नाही, ही खुर्ची मात्र पहिल्या दिवशी हवी.

पलंगाच्या उशाशी एक स्टूल किंवा छोटं टेबल ठेवा: पाण्याची मोठी बाटली, फोनचा चार्जर, मंद दिवा, रुमाल, खाऊचा डबा. बाळ अंगावर प्यायला लागलं की आईला घसा कोरडा पडेल इतकी तहान लागते, आणि त्याच क्षणी ती उठू शकत नसते. बाळंतिणीला पाणी कमी द्यावं, नाहीतर पोट सुटतं, असं अजूनही काही घरांत म्हणतात. ऐकू नका. तिला पाणी लागतंच.

बाळाची झोपायची जागा सपाट, थोडी टणक, आणि आईच्या हाताच्या अंतरावर. बाळाला पाठीवर झोपवायचं, प्रत्येक वेळी. उशी नको. मोहरीची उशी आमच्या घरातही आली होती, आजेसासूबाईंनी हाताने शिवलेली, लाल खणाची, सुरेख. डोकं गोल होतं म्हणतात. डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलं: लहान बाळाच्या तोंडाजवळ उशी, लोड, मऊ खेळणी, सैल गोधडी काहीही नको, श्वास अडू शकतो. उशी आम्ही देवघरात ठेवली. टाकली नाही, वापरलीही नाही.

पावसाळा असेल तर डास. बाळाच्या खोलीत कॉइल, धूप, जाळून धूर करायचं काहीही नको. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी घ्या आणि खिडक्यांना जाळी बसवून घ्या. दिवे जाण्याचा त्रास असेल तर इन्व्हर्टरची बॅटरी सातव्या महिन्यातच तपासा.

लंगोटांचा हिशेब

पुस्तकात किंवा यादीत लिहिलेलं असतं, "६ ते ८ लंगोट". ते लिहिणाऱ्याने जुलैत कोकणपट्टीत बाळ वाढवलेलं नसावं. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला सहा-आठ वेळा तरी शू करतं, पुष्कळदा दहा-बारा, शिवाय दर पाजण्यामागे शी. पावसात कापड वाळायला दोन दिवस लागतात. म्हणून माझा आकडा असा: लंगोट ३०, सुती दुपटी १५, झबली ८, टोपडी ४, कुंच्या २, जाड दुपटं किंवा मऊ गोधडी २, प्लास्टिकचं कापड २. नवे कपडे आधी धुवून उन्हात किंवा पंख्याखाली वाळवून ठेवा. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे लंगोट नव्यापेक्षा शंभर पटीने मऊ असतात. आईला सांगा, ती नक्की कुठून तरी एक साडी काढेल.

वाळवायचं तंत्र: हॉलमध्ये पंख्याखाली आडवी दोरी, लंगोट एकेरी पसरलेले, मग अर्धवट ओले असतानाच दोन्ही बाजूंनी इस्त्री. इस्त्रीखाली वाफ निघते, तो वास मला अजून येतो. रात्री अकरा वाजता इस्त्री करत उभा राहिलो की मुलगी नेमकी झोपायची, आणि शेवटचा लंगोट घडी होताना उठायची.

रात्रीसाठी आणि बाहेर जायला डायपर चालतात. सर्वांत लहान मापाचं एकच पाकीट घ्या. काहीच आठवड्यांत माप लहान होतं आणि उरलेले कोणाला तरी द्यावे लागतात. नाळ लागलेली असेपर्यंत डायपरची वरची कड नाळेच्या खाली दुमडायची.

वडीलधाऱ्यांशी आधी बोलून ठेवणं

हा भाग अवघड आहे आणि यादीत कुठे नसतो. बाळ घरी आल्यावर आई, सासूबाई, मावशी, आत्या, मालीशवाल्या बाई, सगळ्यांना काही ना काही माहीत असतं आणि त्यातलं पुष्कळ खरं असतं. बाळ कसं धरायचं, ढेकर कशी काढायची, रडणं भुकेचं की पोटदुखीचं, हे मला कोणत्याही डॉक्टरने शिकवलं नाही, सासूबाईंनी शिकवलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, खसखशीची खीर, ओवा-बाळंतशेपेची सुपारी: हे सगळं खुशाल चालू द्या, जेवण नीट पोटभर असलं की झालं.

पण काही गोष्टींवर बापाला ठाम राहावं लागतं. जन्मल्यावर मध चाटवणं नको. वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीही नाही, उन्हाळ्यातही नाही, आणि म्हणून बाळगुटी, ग्राइप वॉटरही नाही. डोळ्यांत काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. नाकात-कानात तेल नको. नाळेला हळद, तेल, पावडर काही नको; कोरडी ठेवायची, एक-दोन आठवड्यांत आपोआप गळते. आणि शेगडी: बाळंतिणीला बाजेखाली कोळशाचा शेक द्यायची पद्धत अजून आहे. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साठतो; त्याला वास नसतो, रंग नसतो. पाठीला शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या, तीही टाक्यांपासून दूर.

हे सगळं सांगायचं कसं? मी आधी व्हिडिओ दाखवले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "माझी चार पोरं गुटीवर वाढली, त्यात तुमची बायको पण आली." यावर उत्तर नाही. मग एक जाणकार मित्र म्हणाला, वाद घालू नकोस, त्यांनाच बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. तसं केलं. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली, आई म्हणून विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आजी, मालीश तुम्हीच करा, गुटी मात्र सहा महिन्यांपर्यंत डब्यात ठेवूया." सहाण, हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ सगळं डब्यात गेलं. मी सांगितलं असतं तर सहा महिने घरात धुसफूस चालली असती. बाळ जन्मायच्या आधीच एकदा ही भेट घडवून आणा.

मालीशवाल्या बाई ठेवणार असाल तर पहिल्या दिवशी समोर उभे राहा. नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, हात साबणाने धुतलेले. पाणी कोपर बुडवून बघायचं. नाळ गळेपर्यंत ओल्या कापडाने पुसून घेतलं तरी पुरतं. जन्मल्यावर पहिले २४ तास तर अंघोळ घालूच नये. बाळाचे पाय उलटे धरून झटकणं, नाक दाबून सरळ करणं, टाळूवर जोर देणं, हे थांबवा. नम्रपणे, पण थांबवा.

बॅग आणि फाईल

बॅग छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत भरलेली हवी. तिच्यासाठी पुढून उघडणारे सैल गाऊन तीन, मोठे पॅड, चपला. बाळासाठी वर सांगितलेल्यातले दहा लंगोट, चार दुपटी, तीन झबली, दोन टोपडी. तुमच्यासाठी एक चादर, खाऊ आणि चार्जर. फाईल वेगळी: सगळे रिपोर्ट, दोघांची आधार कार्डं, विम्याचं कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड. बाकी काही राहिलं तर दवाखान्यासमोर औषधाचं दुकान असतंच.

दवाखान्यातले दिवस

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात आईच्या छातीशी लावलं जातं आहे ना, एवढं बघा. पहिले दोन-तीन दिवस येतं ते पिवळसर घट्ट चीक दूध, चमचा-दीड चमचा. "दूधच येत नाही" अशी कुजबूज वॉर्डात हमखास सुरू होते आणि कोणीतरी पावडरच्या डब्याचं नाव काढतं. नवजात बाळाचं पोट चेरीएवढं असतं. तेवढ्या चिकाने भागतं. दूध खऱ्या अर्थाने भरतं दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या मध्ये. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटल्या यांच्या जाहिरातीवरच बंदी आहे, ती उगाच नाही. डॉक्टरांना वरचं दूध खरंच लागेल असं वाटलं तर ते सांगतील. तेव्हाही बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं.

जन्मल्यावर बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांत कावीळ-बीची लस, शिवाय व्हिटॅमिन केचं इंजेक्शन: चारही नोंदी कार्डावर तारखेसह झाल्यात का ते वाचा. ऐकण्याची तपासणी आणि थायरॉइडसाठी रक्ततपासणी होते का, विचारा.

आणि जन्मनोंदणीचा अर्ज. दवाखाना तो भरून पाठवतो. कायद्याने २१ दिवसांची मुदत आहे. नर्सने फॉर्म समोर ठेवला तेव्हा रात्रभर जागा असलेल्या मी बायकोचं माहेरचं आडनाव लिहिलं. आधारवर सासरचं. त्या एका शब्दासाठी पुढे प्रतिज्ञापत्र, अर्ज आणि तीन अर्ध्या रजा गेल्या. चूक पूर्णपणे माझी. आधार कार्ड समोर ठेवून, इंग्रजी स्पेलिंगसकट, अक्षर न् अक्षर जुळवा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर जागा कोरी ठेवा. १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे, तेव्हा तो आताच सुधारलेला बरा.

घरी आणायचा दिवस

विम्याचा क्लेम असेल तर "सकाळी डिस्चार्ज" याचा अर्थ दुपारचे चार. बायकोला जेवण देऊन, बाळाला पाजून, मगच निघा. डिस्चार्जच्या कागदावर बाळाचं जन्माचं आणि आजचं वजन, रक्तगट, काविळीचा रिपोर्ट, पुढच्या भेटीची तारीख आणि व्हिटॅमिन डीचे थेंब (बाळाला रोज ४०० युनिट) किती द्यायचे ते लिहून घ्या. एक मिलिलिटर म्हणजे ड्रॉपरवर कुठपर्यंत, ते नर्सकडून भरून दाखवून घ्या. ब्रँड बदलला की मापही बदलतं.

रिक्षा नको, आमच्या रस्त्यांवरचे खड्डे टाक्यांना कळतात. गाडीत बाळासाठी मागे तोंड करून बसवायची नवजात मापाची सीट मागच्या बाकावर लावा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा. जोरात ब्रेक लागला तर हातातलं बाळ हातात राहत नाही. नवी सीट महाग वाटली तर मित्राकडून मागून आणा, मात्र अपघातात सापडलेली घेऊ नका, आणि लावायचा सराव आदल्या दिवशी नारळ बांधून करा. आम्ही केला. आईच्या पोटावर पट्टा टोचू नये म्हणून मध्ये एक छोटी उशी.

दारात भाकरतुकडा ओवाळणं, औक्षण, पायावर पाणी: आईला हे सगळं हवंच असतं. आधीच सांगून ठेवा: दोन मिनिटं, बाळंतीण खुर्चीत बसलेली, एकच फोटो.

पहिल्या दहा रात्री

बाळ २४ तासांत आठ ते बारा वेळा पितं. म्हणजे रात्रीही दर दोन-तीन तासांनी. पाजणं सोडून प्रत्येक काम बापाला येतं, आणि आमची वाटणी अशी होती: रडलं की मी उठायचं, लंगोट बदलायचा, बाळ तिच्या हाती द्यायचं, पाणी भरून ठेवायचं, पिऊन झालं की मी खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, परत निजवायचं. ती पलंगावरून उतरत नव्हती. एका खेपेला चाळीस मिनिटं, रात्रीतून तीन खेपा. पहाटे पाचनंतर सासूबाई, आणि मी आठपर्यंत बेशुद्ध.

फ्रिजवर कॅलेंडर असतं ना, ज्यावर आपण दूधवाल्याचा हिशेब लिहितो? त्याच चौकोनात मी वेळ आणि तीन खुणा लिहायचो: दूध, शू, शी. हास्यास्पद वाटतं, पण चौथ्या दिवशी डॉक्टरांनी "किती वेळा शू करतं?" विचारल्यावर तिघांनी तीन उत्तरं दिली आणि कॅलेंडरच कामाला आलं. सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि पिऊन बाळ शांत झोपत असेल, तर दूध पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांच्या आत असेल तर सहसा काळजी नको. दोन आठवड्यांपर्यंत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं.

बघून दचकाल, पण दचकू नका अशा गोष्टी बऱ्याच आहेत. पहिली शी डांबरासारखी काळी-हिरवी आणि चिकट असते, मग मोहरीसारखी पिवळी, पातळ. पहिल्या दिवसांत लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसतो, तो रक्ताचा नसून घट्ट लघवीचा असतो. पुढेही दिसत राहिला तर दूध कमी पडतंय का ते बघा. मुलींना काही दिवसांनी अंगावरून थोडं रक्त जाऊ शकतं. मुलगा असो वा मुलगी, छाती जरा सुजते, दाबू नका. पाठीवर निळसर डाग, अंगावर लाल पुरळ, सालं निघणारी कातडी, उचक्या, शिंका, झोपेत दचकून दोन्ही हात फेकणं. पहिल्या रात्री मी या प्रत्येकासाठी फोन हातात घेतला होता.

बाळ गार पडलंय का हे हात-पाय बघून कळत नाही, ते तसेच गार असतात. पोटाला हात लावा. आपल्यापेक्षा एक थर जास्त, एवढं पुरे. आणि बापाने उघड्या छातीवर बाळ घ्यावं, वर दुपटं. बाळाला ऊब मिळते, आईला तासभर झोप मिळते. सासऱ्यांनी एकदा मला तसं बघितलं आणि पेपर तोंडासमोर धरला. आता तेच नातीला दुपारभर छातीवर घेऊन झोपतात, बनियन घालून.

थांबायचं नाही, निघायचं

हे कागदावर लिहून फ्रिजला लावा. बाळ नेहमीसारखं पीत नाही किंवा पिणं सोडलंय, हाक मारली, तळव्याला टिचकी मारली तरी झोपेतून उठत नाही, शांत असताना मिनिटाला साठहून जास्त श्वास, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, कण्हतं, ओठ निळे, झटके, हिरवी उलटी, नाळेभोवती लाली किंवा पू. काखेत थर्मामीटर लावून ३७.५ सेल्सिअसच्या (९९.५ फॅरनहाइट) वर आलं तर एक थर काढा, अर्ध्या तासाने परत बघा, तरी तेवढंच असेल तर डॉक्टरांना फोन, ३८ (१००.४) असेल तर वाट न बघता दवाखाना. घरच्या मनाने तापाचं औषध देऊ नका. उलट, तापमान ३६.५ च्या खाली आणि पोटाशी धरूनही अंग गरम होत नसेल तर तेही धोक्याचंच.

काविळीबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच सगळे फसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ थोडं पिवळं होणं नेहमीचं आहे, पण पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला किंवा पिवळेपणा पायांपर्यंत, तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर त्याच दिवशी तपासणी हवी. दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली कळत नाही. कपाळावर बोट दाबून सोडलं की कातडीचा खरा रंग दिसतो. "कोवळ्या उन्हात धरा, जाईल" हा सल्ला पावसाळ्यात तर विनोदच आहे, पण कडक उन्हाळ्यातही तो उपचार नव्हे. गरज असेल तर निळ्या दिव्याखाली ठेवतात, एक-दोन दिवसांत बहुतेक बाळं घरी येतात.

बाळंतिणीवरही तेवढंच लक्ष. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतोय, ताप, पोटरीत एकाच पायाला दुखून सूज, न थांबणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांसमोर अंधारी, टाक्यांतून पाणी: फोन नको, थेट दवाखाना. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवायच्या असतात. त्या द्यायचं काम तुमचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती विनाकारण रडेल. आमच्याकडे वरणात मीठ कमी पडलं म्हणून रडली. पहिल्या दोन आठवड्यांत हे फार जणींना होतं. समजूत घालायची गरज नसते, शेजारी बसलं तरी पुरतं. दोन आठवड्यांनंतरही रडू, उदासी थांबत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, "मला हे जमणार नाही" हे वाक्य रोज येत असेल, तर डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. बाळाला किंवा स्वतःला काही करण्याचा विचार बोलून दाखवला तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पाहुणे

बाळाला बघायला येणाऱ्यांना "येऊ नका" म्हणणं आपल्या जिभेला जमत नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय" हे दोन शब्द मात्र कोणालाही चालतात, मोठ्या आत्यालाही. बारशापर्यंत फक्त घरची माणसं. हात धुतल्याशिवाय बाळ हातात नाही. सर्दी-खोकला असेल तर दारातूनच. पापा कोणीही घ्यायचा नाही. बाळंतविडा घेऊन आलेल्यांना चहा तुम्ही करा, नाहीतर बायको उठेल.

आशाताई घरी येतील. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या असतात. त्या वजन करतात, बाळाला ताप आहे का ते बघतात, मोफत. "आम्ही खाजगीत जातो" म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका.

सहा आठवडे झाले की पुढच्या लसी: पेंटाव्हॅलंट (एकाच सुईत पाच आजारांची लस), पोलिओ, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल. त्या दिवशी मांडीला गाठ येते, ताप येऊ शकतो, बाळ संध्याकाळभर किरकिरतं. तापाचं औषध वजनाप्रमाणे किती द्यायचं ते लस देतानाच लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवा.